पैज आई जिंकली

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विविध भारती कधी सुरू झाली यावरून तुमचं दोघांचं जुंपलं ते बरंच झालं, नाहीतर मी हे वाचायला घेतलंच नसतं. निकाल आधी सांगते. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला, म्हणजे आईचं बरोबर. पण बाबा, तुमचं १९६७ सुद्धा अगदीच हवेतलं नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई, पुणे आणि नागपूरहून विविध भारतीवर जाहिराती लागायला लागल्या. तुमच्या डोक्यात बसलंय ते हे. तेव्हा पैजेचे पैसे मुकाट्याने आईच्या हातावर ठेवा.

आता खरी गंमत. बाबा, तुम्ही केसकरांचं नाव निघालं की अजून चिडता. 'आपलाच मराठी माणूस आणि आपल्याच पोरांची गाणी बंद केली!' १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेसंगीतावर गदा आली हे खरंच आहे. गाण्यांना वेळ तोडून दिला, चित्रपटाचं नाव सांगायचं नाही असा नियम केला. नाव सांगितलं तर फुकटची जाहिरात होते, असा हिशेब. त्यावर निर्मात्यांनीही हट्टाला पेटून गाणी वाजवायचे परवाने काढून घेतले आणि रेडिओवरून सिनेमा जवळजवळ गायबच झाला. म्हणजे ती बंदी एकट्या केसकरांची नव्हे. भांडणात दोघांनी दारं आपटली आणि बाहेर राहिले ते ऐकणारे.

ऐकणारे मग रेडिओ सिलोनकडे वळले. युद्धात मित्रराष्ट्रांच्या फौजांसाठी कोलंबोत उभारलेला लघुलहरींचा (शॉर्टवेव्हचा) ट्रान्समीटर होता, तो इतका जोरकस की तुमच्या खेड्यातही खणखणीत लागायचा. अमीन सयानींचा सिनेगीतांचा बुधवारचा कार्यक्रम १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाला. तुम्हाला वाटायचं तो माणूस कोलंबोत बसून बोलतोय. नाही हो बाबा! तो मुंबईतच बोलायचा, टेपा विमानाने कोलंबोला जायच्या आणि आवाज समुद्रापलीकडून तुमच्याकडे परत यायचा. सरकारी रेडिओच्या नाकासमोर मुंबईत तयार होणारं गाणं ऐकायला अख्खा देश परक्या स्टेशनवर काटा लावून बसला होता.

म्हणून १९५७ मला महत्त्वाचं वाटतं. विविध भारती सरकारने उदार होऊन दिली असं आपण धरून चालतो. माझ्या मते ती माघार होती, आणि ती घ्यायला लावली तुमच्यासारख्या काटा फिरवणाऱ्यांनी. मंत्री मात्र तेच, केसकर! १९६२ पर्यंत तेच होते. मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरींवरून विविध भारतीचा 'पंचरंगी कार्यक्रम' सुरू झाला. पहिलं गाणं पंडित नरेंद्र शर्मांनी लिहिलेलं, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डे यांचा. संगीतकार सिनेमाचा, गायक सिनेमाचा, गाणं तेवढं सिनेमातलं नाही! हार मानायची पण तोंडाने म्हणायचं नाही, हे वाचून मला बाबाच आठवले. (रागावू नका.)

आणि दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, रशियाने स्पुटनिक सोडला. त्याचं टिकटिक लघुलहरींवरच ऐकू यायचं. आईच्या मामांकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर कुणी काटा तिकडे नेला होता का, विचारायला हवं होतं मामांना. तो रेडिओ गरम व्हायला वेळ लागायचा, हिरवा डोळा आधी मिणमिणायचा, आणि जाळीची एरियल भिंतीला टांगलेली. पोस्टातून काढलेलं लायसन्सचं पुस्तक मामी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची, हे आईनेच सांगितलं होतं.

आई, आता तुझी बाजू. तुझे गाण्याचे गुरुजी केसकरांना 'पेटीचे वैरी' म्हणायचे ना? आकाशवाणीवर पेटी वाजवायला बंदी आली ती १९४० मध्ये, इंग्रजांच्या राजवटीत. केसकरांनी ती उठवली नाही, एवढाच त्यांचा दोष; काही अंशी उठली ती १९७१ मध्ये. पण तू शनिवारी रात्री साडेनऊला सगळ्यांना गप्प बसवून ऐकायचीस तो संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला. संस्थानं विलीन झाली, दरबार बंद पडले, तेव्हा गवयांना महिन्याचा पगार आणि ठरलेली कामं आकाशवाणीने दिली. केसकर स्वतः धृपद शिकलेले होते. दुसऱ्याच्या आवडीला हलकं समजणं त्यांना सोडवलं नाही, पण जे आवडत होतं त्यासाठी त्यांनी खपून काम केलं. बाबांनी निदान एवढं तरी मानावं. आपल्या घरातला शनिवारचा तह, साडेनऊपर्यंत बाबांचा काटा आणि नंतर आईचा, मला तरी दिल्लीच्या धोरणापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

रेडिओची डायलची दोरी तुटलीये म्हणालात. भंगारात देऊ नका. बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करणारे आहेत त्यांच्याकडे दाखवा, ते अजून असलं काम करतात. तोपर्यंत फोनवर विविध भारती लावून दिलीय, हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं की झालं. आवाज कमी वाटला तर फोन रिकाम्या पातेल्यात ठेवा.

बाबा, एक विचारायचं राहिलं. १९५६ मध्ये पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला होता. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत लोकांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. आपलं गाव नगर जिल्ह्यातलं. चावडीवरच्या रेडिओभोवती आजोबा बसायचे म्हणता, तो हाच का? कोण कोण असायचं, बायकांना बसू द्यायचे का, चर्चेत भांडणं व्हायची का, सगळं सविस्तर लिहून पाठवा. फोनवर नको, तिथे आई मध्येच बोलते.

तुमची,
मनू