पहिल्या पावसानंतर फोन करणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

हे असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण समोर काही बोलायला गेलं की "एवढं काय केलं मी?" म्हणत तुम्ही चहा ठेवायला उठता, आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहिते.

तुम्ही दिलेलं क्लीव्हलँड सेजचं झुडूप यंदा जोरात फुललंय. माझ्या कमरेच्या वर गेलंय. प्रत्येक दांड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद एकावर एक, तीन-चार मजले. काळी माशी म्हणावी तर भुंगे निघतात, आणि एक ॲना हमिंगबर्ड, तो इवलासा मध पिणारा पक्षी, तर सातबारा नावावर असल्यासारखा शेंड्यावर बसून असतो. दुसरा फिरकला की अंगावर धावून जातो. कपडे झुडपाला घासले तरी तो उग्र, गोडसर वास दिवसभर जात नाही.

याच जागी आधी काय होतं ते तुम्ही पाहिलंय. लॉन काढून 'कमी पाण्याची बाग' करून देतो म्हणणाऱ्या गृहस्थांनी ऐन जूनमध्ये, इथल्या, सॅन डिएगोजवळच्या पोवेच्या चिकण मातीत, हीच झुडपं लावली. बुंध्याला चिकटून ठिबकची नळी, टायमरवर रोज पाणी. ऑगस्टपर्यंत सगळी काळी पडून मान टाकून बसली. त्यानंतर त्यांनी माझा फोन एकदाही उचलला नाही. पैसे घेताना मात्र पहिल्या रिंगला उचलत. मोठ्या दुकानातल्या बागेच्या विभागात विचारलं, तर पाणी वाढवा आणि हे खत घ्या. सोसायटीकडून पत्र आलं की समोरची बाजू शोभत नाही. कॅलिफोर्नियात कमी पाण्याच्या झाडांना अशा सोसायट्या सरसकट बंदी घालू शकत नाहीत, पण मेलेल्या झाडांची बाजू कोणत्या कायद्याने घ्यायची? आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तर सल्ल्यांचा पाऊस पडला. बघायला कुणी आलं नाही.

तुम्ही आलात. न विचारता त्यातलं एक झुडूप उपटलंत, मूळ माझ्या नाकापुढे धरलंत आणि म्हणालात, "वास घे. तहानेनं नाही गेलं हे, बुडून गेलं." मग एक जरा हिरवी राहिलेली काडी माझ्या बोटांत फिरवायला दिलीत. "चौकोनी लागते ना? तुळशीच्या कुळातली आहे. पण तुळशीसारखं रोज पाणी घालायचं नाही हिला."

हे झुडूप इथलंच, सॅन डिएगोच्या आणि पलीकडच्या मेक्सिकोतल्या बाहाच्या डोंगरउतारांवरचं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी त्याला इथल्या डॅनियल क्लीव्हलँड या वकिलांचं नाव दिलं. सॅन डिएगोत वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. उन्हाळाभर ते कोरडंच राहतं, पानं थोडी आक्रसून घेतं आणि तग धरतं. तापलेली माती आणि वर रोजचं पाणी म्हणजे मुळं कुजलीच. आपण पावसाळ्यात वाढलेली माणसं, आपलं सगळं बरोबर उलटं. उन्हाळ्यात झाडाला पाणी घातलं नाही तर आपला जीव कासावीस होतो.

पण काकू, मी हे पत्र या माहितीसाठी लिहीत नाही. ती कुठेही मिळाली असती.

तुमच्या मागच्या ओट्यावर फांद्यांपासून केलेली रोपं कुंड्यांमधून तयार होती. मी हावरटासारखी बघत होते. कुणीही दोन उचलून हातात दिली असती, मीही आनंदानं नेली असती आणि तीही मेली असती. तुम्ही नाही म्हणालात. "आत्ता नाही देणार. पाऊस पडू दे." खरं सांगू? मला तेव्हा राग आला होता. वाटलं, टाळताहेत. इथं 'नंतर बघू' याचा अर्थ काय होतो ते आता चांगलं कळतं मला.

मग दिवाळी झाली, मी विसरून गेले. आणि एका शनिवारी सकाळी, मी अंथरुणातच, तुमचा फोन. मागे कुकरची शिट्टी. "पडला गं रात्री. माती ओली आहे तोवर ये, दोन काढून ठेवलीत." बस, एवढंच. रात्री पाऊस ऐकून तुम्हाला माझी आठवण झाली होती, काकू. ज्यांना पैसे मोजले त्यांना माझा नंबर ओळखीचा वाटेना, आणि तुम्ही महिनोन्महिने माझी दोन रोपं बाजूला ठेवून सांभाळलीत. त्या फोननंतर मी स्वयंपाकघरात उभी राहून जरा रडलेच. ह्यांना वाटलं भारतातून काही बातमी आली.

चांगली माणसं आहेत, ती फक्त ग्रुपवर फार लिहीत नाहीत, असं माझं मत होत चाललंय. नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणतात, आणि देतो म्हटलेलं वेळेवर देतात. याला काही मोठं मन लागतं असंही नाही, पण दिसतं कमी.

बाकी, एक अडचण आहे. झुडूप वाटेवर आलंय, पार्सलवाला वैतागतो. फुलं सरली की कापावं असं एक मन म्हणतं, पण वाळक्या गेंदांतलं बी खायला गोल्डफिंच पक्षी येतात, ते मला घालवायचे नाहीत. जुन्या लाकडात कात्री घालायची नाही हे लक्षात आहे. पण एक तृतीयांश कापायचं म्हणजे नेमकं कुठून, ते येऊन दाखवा. शनिवारी या, काकांनाही आणा. थालीपीठ करते. घरचं लोणी मिळणार नाही, बटरवर भागवावं लागेल. तुमची कात्री मात्र आणा, माझी बोथट झालीय.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली