पात्रांना मागचे भाग आठवू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठी मालिकांवर टीका झाली की ‘प्रेक्षकांनाच हे हवे आहे, टीआरपी बघा’ हे उत्तर तयार असते. ज्या घरांत दिवेलागणीपासून रात्री साडेदहापर्यंत मालिका सुरू असतात, त्यांपैकी आमचे एक असल्यामुळे या उत्तराविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. सासू-सुनांची भांडणे, झोपतानाही न उतरणारे दागिने किंवा भरजरी साडी नेसून केलेला स्वयंपाक यांविषयी माझी तक्रार नाही. या गोष्टी आता संकेत म्हणून रुळल्या आहेत. नागपुरातले म्हणून दाखवलेले घर भर मे महिन्यात कूलरवाचून नांदते, तेही आम्ही खपवून घेतो. मला खटकते ते हे की, मालिकेतल्या माणसांना स्वतःवर काय गुदरले तेच आठवत नाही.

जिने सहा महिन्यांपूर्वी नायिकेच्या औषधाच्या गोळ्या बदलल्या, तीच जाऊ गणपतीच्या विशेष भागात नायिकेच्या शेजारी बसून मोदक वळते आणि नायिका तिला ‘वहिनी, सारण पुरेल ना?’ असे विचारते. क्षमा केली असेल, तर ती कधी केली आणि करताना किती जड गेली, हे आम्हाला पाहायचे होते. ते जमत नसेल तर निदान त्या बाईने पुढे केलेला चहाचा कप घेताना नायिकेचा हात क्षणभर अडखळायला हवा होता. अशा अडखळण्यातून माणसाचा स्वभाव कळतो आणि त्यासाठी वेगळा सेट किंवा वाढीव खर्च लागत नाही. त्याऐवजी एका वाक्यावर घरातल्या सर्वांचे चेहरे ढोलाच्या आवाजासह एकापाठोपाठ एक दाखवले जातात आणि भागातली दोन-तीन मिनिटे सरतात.

प्रेक्षक विसराळू असतो, असे वाहिन्यांनी गृहीत धरले असावे. ते खरे नाही, याचा पुरावा त्यांच्याच कार्यक्रमांत आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये नायिकेच्या संसारात आलेल्या शनायाची भूमिका आधी रसिका सुनील करीत होती, नंतर ईशा केसकर आली आणि पुढे पुन्हा रसिका सुनील परतली. नवा चेहरा पाहून पहिले काही दिवस कुरकुर झाली. नंतर ते सगळ्यांनी स्वीकारले, कारण चेहरा कोणाचाही असला तरी शनाया हट्टी, आळशी आणि दुसऱ्याच्या पैशावर मजा करणारी अशीच राहिली होती. उलट, नट तोच आणि आवाजही तोच, पण कालचा समंजस मुलगा आज एका ऐकीव वाक्यावरून बायकोला घराबाहेर काढतो, तेव्हा आमच्या घरात ‘हा असा वागणारच नाही’ असे कोणीतरी मोठ्याने म्हणते. आमच्या सासूबाई तर टीव्हीकडे पाठच फिरवतात. त्या मुलाचा स्वभाव त्यांना लेखकापेक्षा अधिक पक्का ठाऊक असतो.

कथानकात नावीन्य नाही, ही तक्रारही मला अपुरी वाटते. संसारात दुसरी स्त्री येणे हा विषय 1999 मध्ये ‘आभाळमाया’त होता, 2016 मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’त होता आणि 2019 मध्ये ‘आई कुठे काय करते’मध्येही होता. यांपैकी शेवटची मालिका तर बंगालीतील ‘श्रीमोयी’वरून घेतलेली, आणि त्याच कथेवर हिंदीत ‘अनुपमा’ झाली. गोष्ट उसनी आणता येते. मात्र मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून मुलांचे बोलणे ऐकून घेई, त्या वेळचे तिचे संकोचून उभे राहणे इथेच घडवावे लागते. पहिल्या वर्षभरातली अरुंधती म्हणूनच आमच्या ओळखीची झाली. पुढे तिच्यावर इतके प्रसंग कोसळत गेले की, ती त्यांना तोंड देण्यापुरतीच उरली आणि तिचे असे फार थोडे शिल्लक राहिले.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ची नायिका राधिका सुभेदार हिच्याविषयी आम्हा नागपूरकरांचे मन जरा हळवे आहे, हे मान्य करते. अनिता दातेने उभी केलेली ही नागपूरची सून मुंबईच्या सोसायटीत आपल्या बोलीत, बिनदिक्कत बोलत असे, तेव्हा धरमपेठेपासून महालापर्यंत घरोघरी कौतुक होत होते. त्याच सुमारास मालवणी, कोल्हापुरी, सातारी बोलींतल्या मालिकाही आल्या आणि बोली हाच स्वभाव असा एक सोयीस्कर समज पसरला. राधिकेच्या बाबतीत सुरुवातीला तसे नव्हते. तिची काटकसर, शेजारणींना धरून राहणे आणि नवऱ्यावरचा आंधळा विश्वास हे सगळे एकमेकांना जुळणारे होते. पुढे मात्र ती पाहता पाहता मसाल्यांच्या तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली आणि त्या आकड्यावर समाजमाध्यमांत भरपूर विनोद झाले. बाई श्रीमंत झाली याचे आम्हाला वावडे नाही, ती कशी झाली ते पाहायचे होते. नागपूर जिल्ह्यात भिवापूरची मिरची आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे. त्या भागात मिरचीचे सातरे असतात; तिथे बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात आणि संध्याकाळी हातांची आग घेऊन घरी जातात. कळमन्याच्या बाजारात भाव पडला की कोण रडते आणि कोण हसते, उधारी कशी थकते, कर्ज मागायला आलेल्या गृहिणीला बँकेतला साहेब काय विचारतो, या एकेका गोष्टीवर महिनाभराचे भाग निघाले असते आणि प्रत्येकात राधिकेला काहीतरी ठरवावे लागले असते. त्याऐवजी बराच काळ तिचा नवरा गुरुनाथ कसा पकडला जातो आणि कसा निसटतो, हेच चालले.

रोज एक भाग देणे सोपे नसते, याची मला जाणीव आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला येणारे आकडे पाहून वाहिनी सूचना करणार, नटाच्या तारखा नसल्या की पात्राला गावाला पाठवायचे, आणि हाताशी तयार भाग मोजकेच. या घाईत मागचे सारे लक्षात ठेवणार कोण, असा प्रश्न असेल, तर त्या कामासाठी एक माणूस नेमावा. मालिकेच्या खर्चात तो जड होणार नाही. आमच्याच नागपूरच्या महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त घडते ते किती थोडे! वडील गेले आहेत, तेराव्याच्या खर्चाची पंचाईत आहे आणि दारात ट्रॅक्टर बंद पडून आहे. एवढ्यावर ते घर आजही डोळ्यांपुढून हलत नाही, कारण त्यातला प्रत्येक जण जुने हिशेब मनात घेऊन वावरतो. नाटकाचे निकष मालिकेला लावू नयेत, हे कबूल. पण स्मरणशक्ती हा काही नाटकाचा खास मक्ता नव्हे.

लांबीचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या पल्ल्यात कोणत्याही पात्राचे सत्त्व आटणारच. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ मात्र 2012 मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली आणि लोक अजूनही तिचे नाव काढतात. शेवट कुठे करायचा हे आधी ठरलेले असले की लेखक प्रसंग जपून खर्च करतो.

आता एक विनंती आपल्या वृत्तपत्राकडे. चित्रपटाचे परीक्षण येते, नाटकाचेही येते. मालिकांच्या वाट्याला मात्र ‘पुढील भागात मोठा ट्विस्ट’ आणि कलाकारांच्या साखरपुड्यांची छायाचित्रे येतात. महाराष्ट्रातली असंख्य घरे रोज जे पाहतात, त्याची लेखनाच्या अंगाने चिकित्सा करणारे एक सदर आपण सुरू करावे. मालिकेच्या पहिल्या आठवड्यात सगळेच छान असते, म्हणून हे परीक्षण दोनशे भाग झाल्यावर लिहिलेले असावे, आणि लिहिणाऱ्याने ते दोनशे भाग खरोखर पाहिलेले असावेत.

आपली,
एक नियमित वाचक
धरमपेठ, नागपूर