शाळेच्या मैदानावरची आंतरराष्ट्रीय खेळाडू

आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली नेटबॉलपटू निवृत्तीनंतर शाळेत प्रशिक्षक झाली, की तिची कारकीर्द उतरणीला लागली असे सहज म्हटले जाते, ते मला मुळीच पटत नाही. बास्केटबॉलशी मिळत्याजुळत्या या खेळाचा विश्वचषक १९६३ पासून होत असला आणि राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत १९९८ पासून पदके दिली जात असली, तरी हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. त्यामुळे प्रसिद्धी आणि पैसा बेताचाच. शाळेला मात्र अशा खेळाडूकडून जे मिळते, ते नियमपुस्तिकेत सापडणारे नाही. चेंडू तीन सेकंदांत सोडायचा आणि तो आपटत पुढे न्यायचा (ड्रिबल करायचा) नाही, हे कोणीही सांगेल. पण वेगात धावत येऊन उंचावरचा चेंडू झेलताना गुडघा आत वळू न देता, तो किंचित वाकवून शरीराचा भार कसा पेलायचा, हे ती स्वतः करून दाखवते आणि वाढत्या वयातील मुलींचे गुडघे त्यामुळे जपले जातात. (या खेळात गुडघ्याची दुखापत फार महागात पडते.) संघातील सातपैकी फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोन जागांवरच्या खेळाडूंनाच गोल करता येत असल्याने उंच मुलीला कायम रिंगखाली उभे करण्याचा मोह होतो; जाणती प्रशिक्षक तिला सेंटरला, म्हणजे मैदानाच्या मधल्या जागी, आणि बचावातही खेळवते. अशा खेळाडूंना केवळ स्पर्धेपुरते न बोलावता शाळांनी सन्मानाच्या वेतनावर पूर्ण वेळ नेमावे आणि पहिल्याच वर्षी त्यांच्याकडे चषक मागू नये, ही कळकळीची विनंती.

— एक क्रीडाप्रेमी वाचक