ताई, तुम्ही कार्डाचं ते दुसरं पान उघडलंत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र असं उघडपणे लिहितेय, कारण समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय वजनकाट्यावर नेता. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. आपल्या वस्तीवर अंगणवाडीच्या ताई म्हटलं की तुम्हीच, आणि बाहेरच्यांना नाव कळून करायचंय काय?

माझा शंभू अकरा महिन्यांचा होता तेव्हा आमच्या घरात त्याची काळजी माझ्याशिवाय कुणालाच नव्हती. दहाव्या महिन्यात धरून उभा राहिला, वजन चांगलं, मऊ भात वाटी पुसून खायचा. अशा पोराची काळजी करणारी आई म्हणजे हिला दुसरा उद्योग नाही, असंच सगळ्यांना वाटायचं. मला मात्र शेजारची त्याच्याच वयाची पोरगी दिसायची. माणूस दिसलं की ती दोन्ही हात वर करायची, घे म्हणून. शंभूनं कधी हात वर केले नाहीत. घेतलं तर यायचा, खाली ठेवलं तर राहायचा. टाटा नाही, टाळ्या नाहीत, बाप्पाला जेजे नाही. हाक मारली तर पंख्याकडे बघत बसायचा. गुदगुल्या केल्या की खळखळून हसायचा, तेवढ्यावर माझा एखादा दिवस बरा जायचा.

"त्याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता," सासूबाई म्हणायच्या. "मुलगे जरा उशिराच गं," जाऊबाई. ज्या डॉक्टरांकडे दाखवायचो त्यांनी कार्ड चाळलं, लसी वेळेवर आहेत म्हणाले, बाकीचं पुढच्या वेळी बघू. आणि रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलमध्ये शोधायचे, तर तिथं दुसऱ्याच ओळीत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. दिवसा काहीच नाही, रात्री सगळंच संपलं. या दोन्हीच्या मधलं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते तुम्ही सांगितलंत. त्याचे हे आभार.

आठवतं का, पावसाळ्यात आहाराची पाकिटं न्यायला आले होते. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय पाकीट देता येत नाही, आणि तुमच्या फोनला माझा चेहरा काही पटेना. दारात उजेडाला उभं राहा, पापण्या मिटा, उघडा, सगळं करून झालं. मग रेंज गेली. शंभू तुमच्या मांडीवर होता. रेंज यायची वाट बघता बघता तुम्ही खुळखुळा त्याच्यासमोर वाजवलात आणि पदराखाली सरकवलात. त्यानं पदर ओढून काढला. मग त्याला माझ्याकडे दिलंत, उठून त्याच्या पाठीमागं गेलात आणि अगदी हळू, टाळी न वाजवता, नावानं हाक मारलीत. वळला नाही. थोडं थांबून पुन्हा. मग बिस्किटाचा तुकडा तुमच्या डोळ्यांजवळ धरून नुसत्या बसून राहिलात. तो बिस्किटाकडे बघत राहिला, तुमच्याकडे नाही.

मला वाटलं तुम्ही खेळवताय. तुम्ही म्हणालात, "कार्ड आणलंय का?"

त्या माता-बाल संरक्षण कार्डावर लसींचा तक्ता आमचा शाईनं भरलेला होता. वजनाचा आलेखही. तुम्ही उघडलंत ते पान कुणी उघडलंच नव्हतं, बाळ कोणत्या महिन्यात काय करतं त्याच्या चित्रांचं. बोट ठेवून एकेक विचारलंत. मी काही म्हणायच्या आत माझे डोळे भरले, तर तुम्ही तिकडे बघितलंच नाही, पुढचा प्रश्न विचारलात. त्या वेळी फार बरं वाटलं. धीर देणारी बाई मला नकोच होती त्या दिवशी.

दिवस पूर्ण भरले होते का? जन्मल्या जन्मल्या रडला का? कावीळ वाढून काचेत ठेवलं होतं का? कान वाहतो? घरात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं? दिवसांचं का विचारलंत ते नंतर कळलं. आठव्या महिन्यात झालेल्या बाळाचं वय मोजताना जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करायचे असतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. शंभू पुऱ्या दिवसांचा, तेव्हा ती सूट आम्हाला नव्हती.

टीव्ही-मोबाईलचंही विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. पण "म्हणूनच असं झालं" हे वाक्य तुम्ही उच्चारलं नाहीत. आमच्या घरी ते नंतर दिवसातून चारदा ऐकू आलं, म्हणून तुमचं न बोलणं जास्त लक्षात राहिलं.

आणि कान. मी म्हणाले, "ऐकू येतं हो त्याला, कुकरच्या शिट्टीला दचकतो." तुम्ही म्हणालात, "शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि तुमचं बोलणं ऐकू येणं वेगळं. हळू बोललेलं, बारीक आवाजाचं काही मुलांना पोचतच नाही. आधी कान बघून घेऊ, मग बाकीचं." याला काहीतरी आहे, असं तुम्ही म्हणाला नाहीत. काही नाही, असंही म्हणाला नाहीत. पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणीची गाडी अंगणवाडीवर येणार होती, त्या डॉक्टरांच्या यादीत शंभूचं नाव घातलंत आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे वाढीत मागं पडणाऱ्या मुलांना लवकर मदत करतात तिथली, चिठ्ठी मिळेपर्यंत पाठ सोडली नाहीत. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही तपासणी २०१३ पासून फुकट चालू आहे. आमच्या गल्लीत विचारलं तर ती गाडी कशासाठी येते हे धड कुणालाच सांगता आलं नाही.

सासूबाईंचा किस्सा तुमच्याशिवाय निभावला नसता. तुम्ही गृहभेटीला आलात तेव्हा त्या सहाणेवर वेखंड उगाळतच होत्या, जीभ सुटावी म्हणून. मी सांगितलं असतं तर महाभारत झालं असतं. तुम्ही आधी चहा घेतलात, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलीत, आणि मग म्हणालात, "आत्या, कानाची तपासणी व्हायचीय. तोवर तोंडात काही घालायला नको, नाहीतर डॉक्टर आपल्यालाच बोलतील." सहाण धुऊन ठेवली त्यांनी. डॉक्टर कानाच्या तपासणीसाठी वेखंडाचं का विचारतील, हे त्यांनी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत!

कानाच्या दोन तपासण्या झाल्या. पहिली ओएई, कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी. तिला बाळाच्या कानात छोटं बूच घालतात, पाच-दहा मिनिटांत होतं. डाव्या कानाचा निकाल नीट आला नाही. सर्दी होती, पडद्यामागं पाणी साचलं असेल, लगेच घाबरू नका म्हणाले. मग बेरा, आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी. त्याला बाळ गाढ झोपलेलं लागतं, कपाळावर आणि कानामागं तारा चिकटवतात. म्हणून प्रवासात झोपू द्यायचं नाही, तिथं गेल्यावरच झोपवायचं, असं बजावलं होतं. एसटीत पोरगं जागं ठेवून बघा कुणीतरी. उंब्रजच्या पुढं त्याच्या माना पडायला लागल्या, तेव्हा मागच्या सीटवरच्या आजी, कॉलेजची दोन पोरं आणि शेवटी कंडक्टर, सगळे कामाला लागले. कुणी नाक हलवतंय, कुणी तिकिटाचं यंत्र वाजवून दाखवतंय. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा शंभू टक्क जागा आणि त्याचे बाबा डुलक्या घेत होते.

बेरा चांगला आला. दोन्ही कान ठीक. सर्दी गेल्यावर डाव्या कानाचा ओएईही नीट आला. म्हणजे कानाचं कारण सुटलं, आणि मी परत पहिल्या पायरीवर. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "एक दार बंद झालं ते चांगलंच की. आता खेळायला लागा. नाव काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, खेळायला चिठ्ठी लागत नाही."

ही खेळायची गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर तिच्या कामाची आहे. केंद्रातल्या बाईंनी जे शिकवलं आणि तुम्ही घरी येऊन जे करून घेतलंत, त्यात नवं खेळणं एकही नव्हतं. त्याच्या तोंडासमोर, त्याच्या उंचीवर बसायचं. तो जो आवाज काढेल तो आपण काढायचा. आवडीची वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवायची. आणि थांबायचं. इथे इथे बस रे मोरा आपण सगळेच खेळतो, पण भुर्रच्या आधी थांबत कोण? तुम्ही त्याच्या तळहातावर बोट टेकवून ठेवायचात आणि गप्प. तोंड उघडं, भुवया वर, पण भुर्र नाही. मला ते थांबणं असह्य व्हायचं, मधेच बोलून टाकावंसं वाटायचं. तुम्ही डोळ्यांनी मला दटावायचात. बऱ्याच दिवसांनी एकदा त्या थांबण्यात त्यानं मान वर करून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तुम्ही तत्क्षणी भुर्र केलंत. मग तो परत परत पाहायला लागला.

सासऱ्यांनाही तुम्ही कामाला लावलंत. सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना ते शंभू रडेल म्हणून मागच्या दारानं गुपचूप सटकायचे. तुम्ही सांगितलंत, पुढच्या दारानं जा, उंबऱ्यात थांबा, टाटा करा, मगच किटली उचला. आमच्या घरात ज्यांनी आयुष्यात कुणाला हात हलवला नसेल, ते रोज उंबऱ्यात उभे राहून टाटा करायला लागले. समोरून काही नाही. पंधराव्या महिन्यात एका सकाळी शंभूनं हात हलवला. तळवा स्वतःकडे करून, सासरे वळणापलीकडे गेल्यावर, आणि गोठ्यातल्या म्हशीला. तुम्हाला सांगितलं तर हसून म्हणालात, "म्हशीला का असेना, निरोप दिला ना?"

नंतर वाचून कळलं, अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये बाळाच्या वाढीच्या टप्प्यांची यादी बदलली, ती शंभरातली पंच्याहत्तर मुलं ज्या वयापर्यंत ती गोष्ट करतात त्या वयावर बांधली. नऊ महिन्यांना नावानं हाक मारली की बघणं, वर्षाला टाटा, सव्वा वर्षाला टाळ्या आणि हवं त्याकडे बोट दाखवणं, दीड वर्षाला काहीतरी मजेचं दिसलं म्हणून तुम्हाला दाखवायला बोट. म्हणजे एखादी गोष्ट राहिली तर ती सरासरीची गोष्ट नव्हे, कुणाला तरी विचारायची वेळ आहे. बस्स, विचारायची. मला हे आधी कुणी असं सांगितलं असतं तर रात्रीचं ते मोबाईल चाळणं टळलं असतं.

दीड वर्षाचा झाल्यावर केंद्रात स्वमग्नतेची शक्यता चाचपणारी वीस प्रश्नांची यादी विचारली. हो-नाहीचे प्रश्न, पण उत्तर देताना घाम फुटतो. शंभू मधल्या गटात आला, शक्यता फार नाही आणि अगदी कमीही नाही अशा. डॉक्टरांनी नाव दिलं नाही, नाकारलंही नाही. बोलण्याची थेरपी चालू ठेवा, दोन वर्षांचा झाला की परत बघू म्हणाल्या. आता हवं त्याकडे बोट दाखवतो, फळीवरच्या डब्याकडे तर फारच. शब्द तीन-चार. गेल्या महिन्यात रस्त्याच्या कामाला जेसीबी आला तेव्हा त्यानं बोट दाखवलं, मग वळून माझ्याकडे बघितलं, मी बघतेय की नाही ते. त्याला जेसीबी हवा नव्हता, मला दाखवायचा होता. तुम्हाला तेव्हाच फोन केला होता, तुम्ही मासिक बैठकीत होतात.

तुमच्या मागं किती आहे ते मला हल्ली दिसायला लागलंय. रजिस्टरं, ॲप, आहार, वजनं, वर निवडणुकीची कामं. डिसेंबर २०२३ मध्ये तुम्ही सगळ्या मानधनासाठी संपावर होतात तेव्हा गावात बोलणं फक्त पाकिटांचं होतं. या पोराच्या मागून हळू हाक मारण्याचे तुम्हाला वेगळे पैसे कुणी देत नाही, आणि ते कुठल्या रकान्यातही भरता येत नाही.

शंभूची पुढची तारीख गणपतीनंतर आहे. जे कळेल ते कळवीनच, चांगलं असो नाहीतर कसंही.

आणखी एक. मळ्यातल्या वाटेवर जी नवी सून आलीय, तिची मुलगी दहा महिन्यांची आहे. परवा विहिरीवर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी तिनं विचारलं, तुमच्या शंभूचं आधी काय काय होतं हो? मी तिला मंगळवारी तुमच्याकडे पाठवतेय. वजन करायला आले असंच सांगेल. कार्ड बरोबर आणायला सांगितलंय.

तुमची,
शंभूची आई