परिचारिकांची विश्रांती ड्युटी चार्टवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाच्या ताणावरचे लेख हल्ली आपल्या पुरवणीत वरचेवर येतात. मी ते वाचते, बहुतेकदा नाइट करून आल्यावर. त्यात ऑफिस असतं, लॅपटॉप असतो, शनिवार-रविवार असतो. परिचारिका क्वचितच असतात, म्हणून हे पत्र. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी बरीच वर्षं जनरल वॉर्डात आहे.

आमच्याकडे सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ आणि रात्र आठ ते आठ. कागदावर अगदी सरळ. पण सकाळी आठला अंगठा लावून कुणी घरी जात नाही. प्रत्येक बेडपाशी उभं राहून ओव्हर द्यायची, म्हणजे सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, पुढचा डोस कधी, हे सगळं सांगायचं. मग फायली पुऱ्या करायच्या. त्यात पुढची सिस्टर आलीच नाही, तर ‘जरा थांबता का?’ हा निरोप ठरलेला. ड्युटीवर आम्ही पाणी बेतानेच पितो. बाथरूमला गेलं तर वॉर्डाकडे कोण बघणार? मूत्रमार्गाचा संसर्ग आमच्यात नवा नाही, आणि रुग्णांना ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगणाऱ्याही आम्हीच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. तो आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण मला वॉर्डात नुसती ऐकून कळते. ‘आजोबा, उठता का जरा?’ म्हणणारी मुलगी ‘ए, बारा नंबरला बसव गं’ म्हणायला लागली, की तिला सुट्टीची गरज आहे हे ओळखावं. बहुतेक ठिकाणी तिला मेमो मिळतो.

12 मेच्या परिचारिका दिनाला आमच्याकडे गुलाबाचं फूल, केक आणि ‘स्वतःची काळजी घ्या’ या विषयावर व्याख्यान झालं. वेळ सकाळी साडेनऊची, हजेरी सक्तीची, त्यामुळे रात्रपाळीच्या मुलींनाही थांबवून घेतलं. वक्त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आठ तास झोप आणि प्राणायाम सांगितला. माझ्या शेजारची सिस्टर तेवढ्यात बसल्या जागी झोपली होती. प्राणायामाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण डे ऑफ कधी मिळणार हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नसेल, तर झोपेचं वेळापत्रक बसवायचं तरी कसं?

आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी कुणाचं व्याख्यान न ऐकता काही गोष्टी लावून दिल्या आहेत. पंधरा दिवसांचा चार्ट आधीच भिंतीवर लागतो, अदलाबदल करायची तर वहीत दोघींच्या सह्या लागतात. जेवायला जाणारी आपला वॉर्ड दुसरीला तोंडी सोपवून जाते आणि डबा संपेपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही. राउंड आला तरी नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मध्यंतरी एक तरुण पेशंट पहाटे गेला. त्याच्या नळ्या काढणं, अंग पुसणं, नातेवाइकांना सांभाळणं, कागद करणं हे सगळं एकाच मुलीने केलं. तेवढ्यात खालून फोन आला, बेड रिकामा झाला का, अथणीहून पेशंट आला आहे. इन्चार्ज सिस्टर तेव्हा नाइट राउंडला होत्या. नवी ॲडमिशन त्यांनी स्वतः घेतली आणि त्या मुलीला लिननच्या खोलीत चहा देऊन बसवलं. ‘रडायचं तर रड, नाहीतर नुसती बस,’ एवढंच म्हणाल्या. पंधराएक मिनिटांनी ती पुन्हा ट्रॉलीवर उभी होती. याला पैसा लागत नाही, पण वॉर्डात माणूस जास्तीचं असावं लागतं. दोघींवर पूर्ण मजला असेल तर कुणी कुणाला बसवायचं?

खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2016 मध्ये केंद्राने समिती नेमली होती. दोनशेहून जास्त खाटा असतील तिथे सरकारी परिचारिकांइतका पगार, पन्नासहून कमी असतील तिथेही किमान 20,000 रुपये, आणि रजा व कामाचे तास सरकारी नोकरीसारखे, अशा तिच्या शिफारशी. पगारावर थोडीफार चर्चा झाली, कामाच्या तासांवर कुणी बोलत नाही. आमच्या संघटनाही आधी पगाराचंच बोलतात, आणि घरभाडं बघता त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

आपल्या वार्ताहरांनी सांगली-मिरजेतल्या हॉस्पिटलांचे गेल्या तीन महिन्यांचे ड्युटी चार्ट मागून बघावेत. डे ऑफच्या रकान्यातली खाडाखोड तेवढी मोजावी आणि छापावी.

आपली,
एक स्टाफ नर्स, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती.)