शंभरानं जास्त

ठाणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या पत्र वाचून झाल्यावर दे. आईचं बीपी आटोक्यात, माझा गुडघा तसाच.

गेल्या शनिवारी नौपाड्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वडापाव खायचा, सही ठोकायची, या तयारीनं गेले. तर समोर एका मुलाच्या वजाबाक्या. मूल खरं नाही, कॉम्प्युटरनं बनवलेलं, चूक ठरवून घातलेली. ती ओळखायची, पण नुसती ओळखून भागत नाही, पुढच्या गणिताला तो काय लिहील तेही आधी सांगायचं. (ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ साली अमेरिकेत अशाच खेळावर लिहिलंय. खेळाचं नाव 'बग्गी'. शेजारचे सर पुटपुटले, "घोडा कुठंय?")

४०३ − १६८. पठ्ठ्याचं उत्तर ३३५. मी लगेच, "हातचा घेतो, शतकातला एक कमी करायला विसरतो." प्रशिक्षण घेणाऱ्या सुलभक बाई म्हणाल्या, "मग ६३४ − २५८?" मी ४७६ सांगितलं. त्यानं लिहिलं ३७६. चक्क बरोबर! विसरत नव्हताच गं. दशकात शून्य आलं की त्याचे नऊ करायचा, पण शतकातले चार चारच ठेवायचा.

पोटात धस्स झालं. आपण शिकाऊ असतानाचे कळव्याचे सराव पाठ, खिडकीजवळचा तो मुलगा! तू म्हणालीस, "मधे शून्य आलं की याचं उत्तर बरोब्बर शंभरानं जास्त येतं." मी म्हटलं, धांदरट आहे, आणि दहा-दहा गणितं जास्तीची दिली. म्हणजे त्याची चूक मीच घोटून घेतली. मग आपलं भांडण, खारेगाव फाटकापर्यंत रस्त्याच्या दोन कडांनी दोघी. रात्री गुडघ्यासकट माळ्यावर चढून तेव्हाची टाचणवही (पाठांच्या नोंदींची) काढली. समासात तुझ्या पेन्सिलीत: '५०२ − १३७ = ४६५. शून्य?' इतकी वर्षं ते तिथंच होतं.

तरी खोट्या मुलाचं बरं असतं, रोज तीच चूक करतो. माझ्याकडचा एक सोमवारी शून्याचे नऊ करतो, मंगळवारी मोठ्यातून लहान वजा करून मोकळा, आणि विचारलं की माझ्या कपाळाकडे बघून उत्तर फिरवतो. आता वही उघडण्याआधी मूल काय लिहील ते मनात धरते. सात वह्यांत दोनच जमल्या.

जिल्हाबदलीचं काय झालं? लेकीच्या दहावीचे पेढे राहिलेत.

त्या मुलाचं आडनाव आठवतंय का तुला? मला नुसती खिडकी आठवते. आणि हो, तेव्हा तू बरोबर होतीस. हे वाक्य भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

तुझी,
नंदा