रोमिओचा घात प्रेमाने केला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आपल्याकडे प्रेमकथा म्हणूनच शिकवले जाते. घराण्यांचे वैर आणि नशिबाचा फेरा, एवढ्यावर त्यातल्या मृत्यूंची बोळवण होते. मला हे पटत नाही. ‘लोक भित्रा म्हणतील’ ही पुरुषांच्या मनातली धास्ती या नाटकातले बळी घेते, आणि शेक्सपिअर ते पहिल्याच प्रवेशात दाखवतो.

ज्युलिएटच्या घराण्याचे, म्हणजे कॅप्युलेटांचे, नोकर सॅम्सन आणि ग्रेगरी बढाया मारत येतात. रोमिओच्या घराण्यातल्या, माँटेग्यूंच्या, पुरुषांना लोळवू आणि त्यांच्या बायकांची अब्रू घेऊ, असे सॅम्सन एका दमात बोलून जातो. माँटेग्यूंची माणसे दिसताच त्यांना डिवचायला तो अंगठा चावून दाखवतो. ‘हे आम्हाला उद्देशून का?’ असे त्यांनी विचारल्यावर मात्र ग्रेगरीला हळूच विचारतो, हो म्हटले तर कायदा आपल्या बाजूने आहे का? नाही म्हटल्यावर शब्द फिरवतो. तरीही तलवारी निघतातच. संक्षिप्त आवृत्त्यांत नेमके हेच अनेकदा गाळले जाते, याची खंत वाटते.

तिसऱ्या अंकात ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओला भररस्त्यात नीच म्हणतो. ज्युलिएटशी नुकतेच लग्न लागलेला रोमिओ शांत राहतो. त्याचे हे शहाणपण जिवलग मित्र मर्क्युशिओलाच लाजिरवाणी शरणागती वाटते आणि तो तलवार उपसतो. भांडण सोडवायला मध्ये पडलेल्या रोमिओच्या हाताखालून टिबॉल्टचा वार मर्क्युशिओला लागतो. यावर रोमिओ काय म्हणतो? ज्युलिएटच्या सौंदर्याने मला बायकी केले! मग तोही टिबॉल्टला मारतो आणि हद्दपार होतो.

शेक्सपिअरच्याच ‘टायटस अँड्रोनिकस’ या नाटकात तर आडव्या आलेल्या मुलाला बापच ठार करतो, कारण काय, तर अपमान. शेवटी अत्याचार झालेल्या लेकीलाही तो मेजवानीत मारतो, तिची लाज तिच्याबरोबर मरावी म्हणून. अत्याचाऱ्यांनी तिची जीभ आधीच कापलेली असते. तिला काय हवे होते, हे ती सांगणार कशी?

ही नुसती रंगमंचावरची अतिशयोक्ती नव्हती. १५९८ मध्ये नाटककार बेन जॉन्सनने गेब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात मारले. लॅटिन वाचू शकणाऱ्याला तेव्हाचा कायदा सवलत देत असल्याने त्याची फाशी टळली, अंगठ्यावर डाग देऊन सोडले. स्पेन्सरच्या हातूनही दोन वर्षांपूर्वी एक खून झाला होता.

शिक्षकांनी बाल्कनीच्या प्रवेशाइतकाच वेळ तिसऱ्या अंकातल्या भांडणाला द्यावा. मर्क्युशिओच्या जागी तुम्ही असता तर गप्प उभ्या मित्राला काय म्हणाला असता, हे वर्गातल्या मुलग्यांना जरूर विचारावे.

– एक वाचक, सातारा